पावसच्या गुरामीची टाकी

अण्णा,

पावसला एका घरात मी माशाची टाकी बसवली. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद, अडीच फूट उंच. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, "कोणी सांगितलं होतं?" आणि मग, "गळली का?" दोन्हींची उत्तरं देते, पण सावकाश. तुम्ही गेल्यापासून माझं बोलणं मध्येच तोडणारं दुकानात कोणी उरलेलं नाही.

दुकान आहे तिथेच आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की समोरचा रस्ता कितीदा खणला आणि कितीदा बुजवला याचा हिशेब नाही. फोटोफ्रेमचं काम कमी झालंय, लोक फोटो फोनमध्येच ठेवतात. हॉटेलांची दारं आणि न्हाणीघरातल्या काचेच्या भिंती मात्र वाढल्यात. दादा गणपतीला मुंबईहून येतो आणि दरवेळी सांगतो, गाळा भाड्याने दे नि मोकळी हो. मी त्याला चहा करून देते. आणि गल्ल्याच्या वरची तुमची पाटी, 'येथे फिशटँक बनवून मिळणार नाहीत', तीही या वर्षापर्यंत तशीच होती.

ती पाटी का लागली ते आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. दातांच्या डॉक्टरांना पेशंट बसतात तिथे ठेवायला टाकी हवी होती. तुम्ही लोखंडी अँगलची चौकट केलीत, पुट्टीने काचा बसवल्यात, आणि लाकडी टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा सारून टाकी वर ठेवलीत. मी तेव्हा पाचवीत असेन. आई बांगड्याचं तिखलं करतेय, आणि तुम्ही दारात, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. आईने विचारलं, "काय झालं?" तर तुम्हाला हसू आवरेना. सुजलेल्या गालांची माणसं ओणवी होऊन लादीवरचे मासे पकडत होती, कंपाउंडर चूळ भरायच्या ग्लासात एकेक मासा टाकत होता, आणि एक म्हातारा म्हणाला होता की या गडबडीत माझी दाढ दुखायची थांबली. हसून झाल्यावर तुम्ही एकदम गंभीर झालात आणि मला म्हणालात, "टाकी नाय गो फुटली. टेबल लंगडं होतं." मग पाटावर बसून दोन बांगडे खाल्लेत आणि दुसऱ्या दिवशी पाटी रंगवून आणलीत.

या वर्षी आंब्याच्या मोसमाच्या सुरुवातीला एक बाई दुकानात आल्या. सत्तरीच्या पुढच्या, सुती साडी, हातात छत्री, पावसहून एसटीने आलेल्या. शाळेत गणित शिकवायच्या हे त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं, कारण त्या पाटीसमोर उभ्या राहून ती नापास पेपरासारखी वाचत होत्या.

"हे कोणी लिहिलंय?"

"वडिलांनी."

"बोलाव त्यांना."

"ते नाहीत आता. बरीच वर्षं झाली."

त्यांनी पुन्हा एकदा पाटीकडे पाहिलं. "मग आता ही पाटी कोणाची?"

अण्णा, इतकी वर्षं मी त्या पाटीखाली बसते, गिऱ्हाइकाने टाकीचं विचारलं की बोट वर करते. ती तुमची होती म्हणून होती. बाई म्हणाल्या, "निदान बघून तरी जा. बघायला काय जातंय तुझं?" म्हणून रविवारी गेले.

चिऱ्याचं जुनं घर, मागे आंबा आणि माड. माजघरात चार फुटांची टाकी, आणि त्या टाकीत एक मासा. गुरामी म्हणतात त्याला. बाईंच्या यजमानांनी पिशवीतून आणला तेव्हा बोटाएवढा होता, वाढत नाही असं दुकानदाराने सांगितलं होतं. आता माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या हातापेक्षा लांब, आणि रुंदीला पाटासारखा. टाकीच्या टोकाला आला की वळायला त्याला अंग कागदासारखं दुमडावं लागायचं. नाकाडावर काच घासून पांढरा डाग पडला होता. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, मासा वाढतच होता. बाईंनी जास्वंदीचं पान पाण्यावर धरलं आणि तो वर येऊन ते हातातून ओढून घेऊन गेला.

"पानं खातो?"

"पानं, केळं, उकडलेले वाटाणे. आमच्याकडचा म्हणजे आमच्यासारखाच. मोसमात पहिल्या पेटीतला एक हापूस त्याचा."

तुम्ही हे ऐकलं असतंत तर बाहेर पायरीवर जाऊन हसून आला असतात. मासा म्हणजे ताटात, एवढंच आपलं नातं. माझ्याही मनात आलंच, की हा आपल्या घरी दोन वेळा पुरेल. मग तो माझ्यासमोर काचेशी येऊन थांबला आणि डोळा फिरवून मला खालपासून वरपर्यंत बघू लागला. मी पुढे असला विचार केला नाही.

शेजारी सांगत होते की विहिरीत सोडा. मे महिन्यात ती विहीर तळाला जाते, खाली कातळ दिसतो. पण बाईंचं कारण वेगळंच होतं. "विहिरीत सोडला की तो मला दिसायचा कसा? आणि मी त्याला?" पुण्याहून मुलाचा रोज फोन होता: घर बंद कर, मासा कोणाला तरी देऊन टाक, इकडे ये, नवव्या मजल्यावर हवा छान आहे. बाई फोनवर "हो, हो" म्हणायच्या. मी माप घ्यायला टेप काढला तर त्यांनी माजघराची एक भिंत दाखवली, या कोपऱ्यापासून त्या दरवाजापर्यंत.

"बाई, एवढी मोठी टाकी एकदा बसली की हलणार नाही. दारातून बाहेरच येणार नाही ती. घर पाडावं लागेल."

"माहितीय," त्या म्हणाल्या आणि कोकम सरबत आणायला आत गेल्या.

तेव्हा मला कळलं त्या माझ्याकडून काय बांधून घेताहेत ते. माशाला वळायला जागा हवी होती हे खरंच होतं. पण नवव्या मजल्याला एक उत्तरही हवं होतं, आणि ते अडीच टनांचं हवं होतं. मला दादाचं 'गाळा भाड्याने दे' आठवलं. सरबत संपायच्या आत मी हो म्हणून बसले. घरी यायच्या आधी दुकानात गेले, स्टुलावर चढले आणि पाटी उतरवली. रागावू नका.

मला टाक्या करता येत नव्हत्या. फोनवर व्हिडिओ बघून शिकले, कोल्हापूरच्या एका माणसाला विचारून शिकले, आणि दुकानात दोन छोट्या करून, गळवून, शिकले. पुट्टीचं काम आता राहिलेलं नाही, सिलिकॉनने काचेला काच चिकटते. एकोणीस एमएमची काच, एकेक तुकडा उचलायला चार माणसं. तुमच्याकडून आलेलं एवढंच, की काच उभी ठेवायची. मी बारा वर्षांची आहे, शाळेतून थेट दुकानात आलेय, गिऱ्हाइकाची मोठी काच मदत म्हणून दोन्ही हातांवर ताटासारखी आडवी धरलीय. तुम्ही काही न बोलता आधी माझ्या हातातली काच घेता, भिंतीशी उभी करता, आणि मग ओरडता. असं ओरडता की समोरचा पानवाला बाहेर येतो. "आडवी धरलीस तर आपल्याच वजनाने मोडते ती! हात गेले असते!" मला त्या वेळी फक्त ओरडणं ऐकू आलं होतं. आधी काच घेतलीत हे मला फार उशिरा, दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीला काच धरताना बघून, आठवलं. आणि मी कॉलेज सोडून दुकानात बसते म्हटल्यावर आई रडली होती, दादा चिडला होता, तुम्ही हो-नाही काहीच बोलला नव्हतात. दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या डबीत तुमच्या काच कापायच्या हिरकणीशेजारी दुसरी, नवी हिरकणी उभी होती.

काचा न्यायला तुमचाच टेम्पोवाला चाचा होता. आता दाढी पूर्ण पांढरी. लाकडी घोडीला काचा उभ्या टेकवल्या, मध्ये आंब्याच्या पेट्यांतला पेंढा भरला, आणि भाट्याचा पूल ओलांडून वळणावळणाने निघालो. प्रत्येक वळणाला चाचा स्वतःशीच पुटपुटत होता. चढ संपल्यावर म्हणाला, "अण्णा असते तर त्यांनी हा माल उचललाच नसता."

"म्हणून तर मी उचलला," मी म्हटलं.

पायाचं काम मी स्वतः उभी राहून करून घेतलं. माजघराची जमीन फोडली तर फूटभर खाली कातळच लागला. त्यावर चिऱ्यांचा ओटा बांधला, नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांची पातळी बघितली, पुन्हा बघितली. गवंडी कंटाळून म्हणाला, "ताई, किती वेळा?" मी म्हटलं, आमच्या घरात एकदा टेबल लंगडं निघालंय. ओट्यावर प्लायवूड, त्यावर फोमची शीट, मग तळाची काच, मग उभ्या काचा. सिलिकॉन भरताना सगळे श्वास धरून. मग वाट बघायची, ते वाळू द्यायचं. तेवढे दिवस मासा आपल्या जुन्या टाकीसह मागच्या पडवीत होता, आणि तिथे नेल्यापासून त्याने खाणं सोडलं होतं.

पाणी भरायच्या दिवशी पुण्याहून मुलगा आला. माझ्याच वयाचा, चष्मा, सभ्य. भांडायला आला होता, पण आईसमोर भांडायची सवय नसावी. खिशात हात घालून उभा होता. विहिरीवरचा पंप चालू केला, पाणी चढत गेलं, अर्ध्याच्या वर आलं. मी सांध्याखाली वर्तमानपत्राचे कागद पसरून ठेवले होते. डाव्या कोपऱ्यातला कागद काळा पडू लागला. पहिल्यांदा वाटलं सावली आहे. मग थेंब दिसला. मोठा नव्हता, कपाळावर घाम येतो तसा एक, आणि पुसला की दुसरा.

मुलाने तो माझ्याआधी पाहिला असणार. "आई, पुरे झालं आता," तो हळूच म्हणाला. "एका माशापायी घरात पूर येईल. चल माझ्याबरोबर."

"गळतेय ती टाकी," बाई म्हणाल्या. "मी नाही."

मी म्हटलं, "बाई, चूक माझी आहे. सांधा भरताना काचेचा काठ कुठेतरी ओला राहिला. माझा घामच पडला असेल."

"मग पाणी काढ आणि पुन्हा कर. उत्तर चुकलं म्हणून मी वर्गातून कोणाला घरी पाठवलं नाही कधी."

सगळं पाणी पाइप लावून माडांना सोडलं. भर उन्हाळ्यात माडांची चैन झाली. मी मात्र येताना टेम्पोत स्वतःला शिव्या घालत होते. काच कापायला येते म्हणून पाण्याला हात घालायला निघाले होते. एक म्हातारी बाई माझ्या भरवशावर मुलाला नाही म्हणत होती, आणि मागच्या पडवीत तिचा मासा उपाशी होता. भाट्याला चाचाने चहाला गाडी थांबवली. मी विचारलं, "चाचा, आज अण्णा काय म्हणाले असते?"

चाचाने बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि तुमच्यासारखंच तोंड गंभीर करून म्हणाला, "टाकी नाय गो गळली. टेबल लंगडं होतं."

अण्णा, मी इतकी हसले की चहा नाकातून आला. समुद्र समोर होता, टपरीवाला बघत होता, आणि आम्ही दोघं हसत होतो. पुष्कळ दिवसांनी तुम्ही असल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लेड घेऊन पुन्हा पावसला गेले.

जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. मी एकटीने काढलं, कोणाला हात लावू दिला नाही. बाई शेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि मधूनच मागे जाऊन माशाला बघून यायच्या. केळं तसंच तरंगतंय. पान तसंच. एक दिवस त्यांनी हापूसची फोड टाकली. ती बुडून तळाला गेली, तो तिच्याकडे वळलासुद्धा नाही. हापूस सोडला म्हणजे दुखणं खरं, असं त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "यांनी आणला तेव्हा मी खूप बोलले होते यांना. पेन्शनीत गेलेल्या माणसाने मासे काय पाळायचे. आता दिवसभर मी यांच्याशी कमी आणि त्याच्याशी जास्त बोलते. यांचा फोटो काही वर येऊन पान घेत नाही."

या वेळी काठ स्पिरिटने पुसून पंख्याखाली कोरडे केले, घाम पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधला, आणि सिलिकॉन वाळायला मागच्यापेक्षा जास्त दिवस दिले. पाणी थोडं थोडं भरलं, रोज एक पायरी. कागद कोरडे राहिले. चार दिवस भरलेली टाकी तशीच ठेवली, कागद कोरडेच. मग जुन्या टाकीतलं पाणी आणि फिल्टरचा स्पंज नव्या टाकीत घातला, म्हणजे त्याला आपल्या घरचं काहीतरी ओळखीचं लागेल.

त्याला हलवायला बाईंनी आपली एक जुनी, मऊ साडी भिजवून दिली. मुलगा पुन्हा आला होता. सुट्टी होती म्हणून, असं म्हणाला. साडीचं एक टोक त्याने धरलं, एक मी, चाचा मध्ये आधाराला. पडवीतून माजघरापर्यंतचं अंतर ते किती, पण उंबऱ्याशी माशाने अशी काही उसळी मारली की मुलगा नखशिखांत भिजला. पाण्यात साडी सोडली तेव्हा दुसरा फटका बसला आणि त्याचा चष्मा टाकीत गेला. बाईंनी तो चहाच्या गाळणीने शोधून काढला. मुलगा नुसता उभा होता, केसांतून पाणी गळतंय, आणि अचानक हसू लागला. "बाबांनाही असाच भिजवायचा," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, डोकं पुसत, "आई, आता ही टाकी घेऊन तू पुण्याला कशी येणार?"

"तेच," बाई म्हणाल्या.

तो रागावला असेलही. पण जाताना त्याने फिल्टर कसा साफ करायचा ते माझ्याकडून दोनदा समजून घेतलं.

मासा दुसऱ्या दिवशी खाऊ लागला. पण अण्णा, एक गोष्ट झाली ती तुम्हाला सांगायची आहे, खरं तर तेवढ्यासाठीच हे सगळं लिहितेय. दहा फुटांची टाकी, आणि तो चारच फूट पोहायचा. भिंतीपासून निघायचा, बरोबर चार फुटांवर यायचा आणि अंग दुमडून वळायचा. तिथे काच नव्हती. काहीच नव्हतं, पुढे सहा फूट मोकळं पाणी होतं. आठवडा झाला, दुसरा लागला, तरी तसंच. मी पलीकडच्या टोकाला केळं धरलं तर बाई म्हणाल्या, "ओढून नको आणूस गं. येईल त्याचा तो."

मला माझंच आठवलं. तुम्ही गेल्यावर कितीतरी महिने मी माझ्या स्टुलावरच बसत होते. तुमची खुर्ची शेजारी रिकामी, गिऱ्हाइकं खुर्चीकडे बघून बोलायची आणि मी स्टुलावरून उत्तरं द्यायची. तिथे बसू नकोस असं मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही तर नक्कीच नसतं सांगितलंत. तरी मी तिथपर्यंत जायचे आणि वळायचे. मग एक दिवस बिल लिहिताना लक्षात आलं की मी खुर्चीतच बसलेय, कधीपासून ते माहीत नाही.

त्या दुपारी मी टाकीच्या काचेवरचे पाण्याचे डाग पुसत होते. बाई वाटाणे सोलत होत्या. मासा नेहमीसारखा चार फुटांवर आला आणि थांबला. त्याला पोटाखाली दोन लांब दोरे असतात, मिशांसारखे, त्यांनी तो चाचपतो. ते दोरे त्याने पुढे सोडले, जिथे त्याच्या मते काच होती तिथे. चाचपलं, मागे घेतले, पुन्हा सोडले. मग एकदाच शेपटी हलवली आणि सरळ गेला. सबंध दहा फूट. पलीकडच्या काचेशी मोठ्या ऐसपैस वळणाने वळला, कुठेही न दुमडता, आणि परत आला.

बाईंनी सोललेले वाटाणे बाजूला ठेवले, फोन उचलला आणि पुण्याला लावला. "अरे, गेला!" त्या म्हणाल्या. पलीकडून मुलाचा घाबरलेला आवाज मलासुद्धा ऐकू आला, "कोण गेलं, आई?" मग त्या हसत सुटल्या, आणि त्याला समजावून सांगता सांगता डोळे पुसत राहिल्या.

तर अशी झाली टाकी. गळली, आणि मग नाही गळली. दुकानात आता आणखी दोघं विचारून गेलेत, त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच नाही, घडी करून इथेच काचांच्या मागे कुठेतरी ठेवीन आणि विसरेन. फक्त एक तुम्हाला सांगून टाकते, चाचाला सांगू नका असं म्हणायचीही गरज नाही. दर गुरुवारी दुपारी मी दुकान बंद करून पावसला जाते. सांधे तपासायचे असतात असं सगळ्यांना सांगते, बाईंनाही. सांध्यांना काहीही झालेलं नाही. मी बाईंबरोबर चहा पिते, आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो ते बघत बसते.